अर्ध्या वाक्यातला वॉचमन

माणसं दोनच जातींची असतात, असं साहेबांचं मत होतं. पिशवी आपण होऊन उघडून दाखवणारी, आणि "त्यात काही नाही हो" म्हणणारी. कादंबऱ्यांतले सगळे खून दुसऱ्या जातीची माणसं करतात आणि पोलीस मात्र शेवटच्या प्रकरणापर्यंत पहिल्या जातीच्या मागे लागलेले असतात, असंही ते म्हणत. मी पहिल्याच दिवशी दुसऱ्या जातीत गेले.

कासारवाडी स्टेशनजवळ समीरच्या वडिलांचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. दुकानाच्या वरच्या खोल्यांत समीरने ऑडिओबुकची कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे समीर, एक माइक, दोन कॉम्प्युटर आणि भिंतींना आतून चिकटवलेला रिक्षाच्या सीटचा फोम. मला नुकताच हिंजवडीतून नारळ मिळाला होता, त्यामुळे आपण कुठे काम करतो आहोत हे नातेवाइकांना नीट सांगता येणार नाही अशी कुठलीही नोकरी धरायला मी तयार होते. माझं काम सोपं होतं. पुस्तक समोर धरून रेकॉर्डिंग ऐकायचं आणि वाचणाऱ्याने कुठे शब्द खाल्ला किंवा बदलला की पकडायचं.

तर पहिल्या दिवशी जिना चढताना वरच्या पायरीवर एक सफारीतले गृहस्थ उभे. मिशा कडक, बूट चकचकीत.

"कुटं?"

"वर. समीरकडे. आजपासून कामाला आहे."

"पास?"

"पास कसला? मी आजच आलेय."

"पिशवीत काय हाय?"

"काही नाही हो, डबा आहे."

"न्हाई म्हनता आन् डबा हाय म्हनता. उघडा."

मी उघडला. भेंडीची भाजी त्यांनी निरखून पाहिली आणि मला आत सोडलं. एवढ्याशा कंपनीला वॉचमन कशाला, असा विचार करत मी कॉम्प्युटरसमोर बसले, तर तेच गृहस्थ काचेपलीकडे जाऊन माइकसमोर बसले. त्यांनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं आणि जिन्यात "कुटं" म्हणणारा माणूस असं खर्जातलं, स्वच्छ, धारदार मराठी वाचायला लागला की मी कानावरचा हेडफोन काढून खात्री करून घेतली. तेच होते. साहेब ते हेच. कथेत एका बाईच्या घरात कोणीतरी शिरलं होतं आणि साहेबांच्या आवाजात ते कोणीतरी माझ्या पाठीमागे उभं होतं.

साहेब चाकणजवळच्या एका गावचे. गावची जमीन एमआयडीसीत गेली आणि जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, तेव्हा ते गेटवर लागले आणि सिक्युरिटी ऑफिसर होऊन निवृत्त झाले. "आमच्याच वावरात मला पास दावून जावं लागायचं," हे ते तक्रार म्हणून नव्हे, गंमत म्हणून सांगत. वाचनाचा नाद गेटच्या केबिनमध्येच लागला. कोणीतरी ड्रायव्हर एक फाटकी रहस्यकथा विसरून गेला होता. ती यांनी 'लॉस्ट प्रॉपर्टी' म्हणून जमा करून घेतली आणि मालकाला परत देण्याआधी तपासणी म्हणून वाचली. मालक कधी आला नाही. पुढे ते खाकी कव्हर घालून कादंबऱ्या वाचायला लागले. लांबून पाहणाऱ्याला साहेब नियमावली वाचताहेत असंच वाटायचं.

सिक्युरिटीच्या माणसाने रहस्यकथाच वाचाव्यात, असा त्यांचा सिद्धांत होता. "पोथी वाचून गेटवर बसला की समद्यांत देव दिसतो. मंग माल जातो भायेर."

विज्ञानकथांकडेही ते गेटवरूनच बघायचे. परग्रहावरचं यान शास्त्रज्ञाच्या गच्चीवर उतरलं की ते वाचन थांबवून काचेतून मला विचारत, "आन् खाली येंट्री कोन करनार?" अवकाशयानाच्या बाहेरच्या दारावर एकच माणूस ठेवलेला पाहून ते दिवसभर अस्वस्थ होते. काळात मागे नेणाऱ्या यंत्राची एक कादंबरी मात्र त्यांना फार आवडली, कारण त्या यंत्राच्या खोलीला दोन किल्ल्यांचं कुलूप होतं आणि किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे होत्या. विज्ञान कितपत खरं होतं ते आम्हाला कळत नव्हतं, पण कुलूप खरं होतं.

आमच्या मागून लोणावळ्याची लाइन जाते. लोकल आली की फोम बीम काही कामाचा नाही, रेकॉर्डिंग थांबवावंच लागे. दुसऱ्या वाचणाऱ्यांना हे कळेपर्यंत निम्मं वाक्य रुळांखाली गेलेलं असे. साहेबांना मात्र रुळांची थरथर खुर्चीतून आधी कळायची. ते वाचता वाचता उजवा हात वर करत, गेटवर ट्रक अडवावा तसा. लोकल जाईपर्यंत हात तसाच. मग हात खाली आणि त्याच पट्टीत, त्याच श्वासात पुढचा शब्द. किंकाळीचा 'किं' लोकलच्या आधी आणि 'काळी' लोकलच्या नंतर वाचलेली मी ऐकली आहे. जोड कुठे दिसत नाही.

सिनेमांशी त्यांचं भांडण जुनं होतं. कादंबरीवरून सिनेमा निघाला की पहिल्या आठवड्यात जायचं आणि दर पाच मिनिटांनी "हे पुस्तकात न्हाई" असं म्हणायचं. पुढच्या रांगेतले लोक मागे वळून बघत, मग आसन बदलत, मग कधीकधी थिएटर. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दर वेळी बरोबर असत. "एसीत झोप चांगली लागते," असं त्या मला म्हणाल्या होत्या. "आणि हे 'पुस्तकात न्हाई' म्हणाले की कळतं, अजून संपला नाही."

पण शेवट सांगणं हे साहेबांच्या लेखी पाप होतं. त्यांच्या कंपनीत स्टोअरमधल्या एका गड्याने, साहेब कादंबरीच्या ऐन मध्यावर असताना, खुनी कोण ते जाता जाता सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून त्या गड्याचा डबा गेटवर रोज उघडला जाऊ लागला. सगळे कप्पे, पोळ्या एकेक करून उचलून, लोणच्याची बाटली उजेडात धरून. पुढे त्याने कँटीन लावलं. मी साहेबांना कितीदा विचारलं की निदान त्या पुस्तकाचा शेवट आता सांगा. त्यांनी तोंडातून एक अक्षर काढलं नाही.

आता मूळ भानगडीकडे येते. मी पुस्तक धरून ऐकत होते. पुस्तकात होतं, 'वॉचमनच्या डोक्यात लोखंडी सळई बसली आणि तो जागीच गतप्राण झाला.' कानात आलं, 'वॉचमनच्या खांद्याला लोखंडी सळई चाटून गेली आणि तो जागीच बेशुद्ध पडला.' मी काचेवर टकटक केलं.

"साहेब, गतप्राण."

"व्हय का? ऱ्हायलं वाटतं."

पुन्हा वाचून घेतलं. पुढच्या कादंबरीत वॉचमनच्या चहात विष होतं. साहेबांनी त्याला चहा अर्धाच पाजला. त्याच्या पुढच्या कादंबरीत दारावरचा पहारेकरी यानाबाहेर, अनंत अवकाशात फेकला जातो, असं होतं. साहेबांच्या वाचनात तो 'एका दोरीला धरून लोंबकळत राहिला'. ही दोरी समीरला फारच आवडली, म्हणून त्याने ती राहू दिली. लातूरहून एका बाईंचा निरोप आला, "पुस्तक छान आहे, पण तो दोरीला लोंबकळणारा माणूस शेवटी आत आला का? मुलगा रोज विचारतो."

"साहेब," मी एकदा चहा पिताना म्हटलं, "तुम्हाला वॉचमनचा पुळका आहे ते कळलं. पण जरा विचार करा. वॉचमनने खुन्याला पाहिलेलं असतं. तो मेला नाही तर तो दहाव्या पानावरच सांगणार ना, कोण होतं ते? पुढची कादंबरी कशी होणार?"

साहेबांनी कप खाली ठेवला. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. दिवसभर त्यांचं वाचनात मन नव्हतं. दुसऱ्या दिवशी जिन्यातच मला अडवून ते म्हणाले, "सांगनार न्हाई. त्याला आठवनारच न्हाई. डोक्याला मार बसल्यावं असं व्हतं."

तेव्हा मी हसले. मग त्यांनी मला गंगाधरची गोष्ट सांगितली, तीही अगदी सरळ, हजेरी घ्यावी तशी. गंगाधर परभणीकडचा. त्यांच्या हाताखाली होता. गेटवरचा एक कायदा असा, की पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. त्या दिवशी त्याचा रिलिव्हर आला नाही. साहेबांनी फोनवर सांगितलं, थांब, दुसरा माणूस बघतो. दुसरा माणूस मिळाला नाही. गंगाधर डबल ड्यूटीला थांबला आणि तांब्याच्या तारा चोरायला आलेल्या टोळीने त्याला मारलं.

"पेपरात आलं व्हतं," साहेब म्हणाले. "तार किती गेली, किती किमतीची, कंपनी कोन्ती, समदं छापलं व्हतं. आन् शेवटी, 'या घटनेत वॉचमनचाही मृत्यू झाला.' चाही. तार गेली आन् त्यो बी गेला. नाव न्हाई छापलं. मी फोन केला पेपरात. ते म्हनले जागा नव्हती."

लोकल आली. साहेबांनी सवयीने हात वर केला, रेकॉर्डिंग चालू नव्हतं तरी. मी दुसरा चहा सांगितला.

त्यानंतर वॉचमनच्या जागी मी जरा नरमाईने टकटक करायला लागले. साहेबही पुन्हा वाचून देत. कुरकुरत, पण देत. कारण ही खुर्ची त्यांना हवी होती. निवृत्तीनंतरचे काही महिने ते मोशीतल्या फ्लॅटमध्ये बसून होते आणि येणाऱ्या दूधवाल्याची, केबलवाल्याची, सख्ख्या मेहुण्याची झडती घेत होते. मग एकदा स्कूटरची ब्रेक केबल घ्यायला समीरच्या वडिलांच्या दुकानात आले. "केबल हाय का?" हे त्यांचे शब्द वर फोमच्या आत माइकवर रेकॉर्ड झाले आणि समीर धावत खाली आला. "गेट सुटलं की मानसानं कुटं उभं ऱ्हायाचं?" साहेब म्हणायचे. "हितं बसायला मिळालं. ह्यो माइक गेला तर मी घरात बसून मरंन, आन् आमच्या मंडळीला त्यात काई थ्रिल वाटायचं न्हाई."

आणि मग ती कादंबरी आली. लेखक बँकेतून निवृत्त झालेले. कथा थेट चाकणची. तिथल्या एका प्रयोगशाळेत माणसाची आठवण पुसून टाकणारं यंत्र तयार होतं आणि चोर ते पळवून नेतात, शास्त्रज्ञासकट. पुस्तक खरंच चांगलं होतं. पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य होतं, 'गेटवरच्या वॉचमनला संपवून ते आत शिरले तेव्हा प्रयोगशाळेत एकच दिवा जळत होता.'

साहेबांनी वाचलं, "गेटवरच्या गंगाधर नावाच्या वॉचमनला बेशुद्ध करून ते आत शिरले तेव्हा प्रयोगशाळेत एकच दिवा जळत होता." आणि प्रकरण संपताना, पुस्तकात नसलेली तीन वाक्यं, त्याच खर्जात. "दुपारी गंगाधर शुद्धीवर आला. त्याला काहीच आठवत नव्हतं. पण त्याचा श्वास चालू होता."

मी टकटक केलं. साहेबांनी मान हलवली. समीर येऊन उभा राहिला.

"साहेब, एकदा फक्त. 'संपवून' म्हणा, झालं. पुढे वाटेल तितका वेळ घ्या."

"न्हाई."

"अहो, शब्द लेखकाचे आहेत."

"शब्द त्यांचे हायेत, मान्य. पर त्वांड माजं हाय."

आतापर्यंत ते इतके वॉचमन मारायला कबूल झाले होते, हा एकच का नाही, असं समीरने विचारलं. साहेब म्हणाले, ते वॉचमन परगावचे होते.

पुस्तक त्या आठवड्यात सोडायचं कबूल केलेलं होतं. समीर म्हणाला, "जाऊ दे यार, एका वाक्याने काय होतंय, इतकं कान देऊन कोण ऐकतं?" मी म्हटलं, मला पगार देतोस म्हणजे कोणीतरी ऐकत असणार. पण पुस्तक गेलं. आणि सगळ्यांनी ऐकलं. लेखकाच्या सकाळच्या फिरायच्या कंपूतल्या एकाने त्यांना रस्त्यातच विचारलं, "तुमचा तो गंगाधर पुढे कुठं गायब झाला हो?" लेखक म्हणाले, कोण गंगाधर?

दुसऱ्या दिवशी ते आमच्या जिन्यात हजर. साहेबांनी त्यांची पिशवी तपासली आणि वर सोडलं. पिशवीत त्यांचंच पुस्तक होतं.

लेखकाचं म्हणणं गैर नव्हतं, हे मला मान्य करावं लागेल. ते शांतपणे म्हणाले, "मी एकेका वाक्यावर आठवडे घालवलेत. आज तुम्ही वॉचमनला बेशुद्ध करताय, उद्या नायकाला कराल."

"नायकाचं आपल्याला काई घेनंदेनं न्हाई. त्यो आपलं आपुन बगून घेतो."

"आणि तुम्ही त्याला नाव दिलंत! त्याला नाव नाहीये!"

"येवढ्या मोठ्या लॅबच्या गेटवं बिननावाचा मानूस ठिवत्यात व्हय? हजेरी कशी लावत्यात त्याची?"

लेखकांनी समीरकडे पाहिलं. पुस्तक काढून घ्या, दुसऱ्याकडून वाचून घ्या आणि हे गृहस्थ माझ्या पुस्तकाला पुन्हा हात लावणार नाहीत असं मला सांगा, एवढीच त्यांची अट होती. समीर साहेबांच्या मागे लागला. एक वाक्य, साहेब. एक वाक्य वाचा आणि खुर्ची तुमची. साहेब बराच वेळ काचेपलीकडच्या खुर्चीकडे बघत बसले. मग उठले.

निघताना त्यांनी आपली उशी, पाण्याची बाटली आणि खोकल्याच्या गोळ्यांची डबी पिशवीत भरली. जिन्याच्या वरच्या पायरीवर ते माझ्यासमोर थांबले आणि त्यांनी पिशवी उघडून धरली.

"बगा, मॅडम. माजं तेवढंच नेतोय."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण ते तसेच उभे राहिले म्हणून मला आत बघावं लागलं आणि "जा" म्हणावं लागलं.

नव्या रेकॉर्डिंगला नाटकात काम करणारा एक तरुण आला. त्याने वॉचमनला पहिल्या झटक्यात, रीतसर संपवलं. लोकल मात्र त्याला कधी कळली नाही.

काकूंचे अधूनमधून फोन येत. साहेब आता सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसतात आणि तिथल्या वॉचमनना कादंबऱ्या वाचून दाखवतात, असं त्या सांगत. त्यांच्या वाचनात एकही वॉचमन मरत नसल्यामुळे आपली नोकरी जगात सगळ्यात सुरक्षित आहे असा त्या पोरांचा समज झाला होता.

इकडे एक सिनेमा दिग्दर्शक काही कामाने हिंजवडीत आला होता. हिंजवडीत आलेला माणूस गाडीत जितका वेळ बसून असतो, तेवढ्यात कुठलीही कादंबरी ऐकून होते. त्याने साहेबांचं रेकॉर्डिंग ऐकलं, ते काढून टाकण्याच्या आदल्याच आठवड्यात. त्याने लेखकाला फोन लावला. "सर, काय सुरुवात आहे! आठवण पुसणारं यंत्र चोरांनी सगळ्यात आधी वापरलं ते त्या वॉचमनवर, हे तुम्ही उघड न सांगता सुचवलंय. पूर्ण सिनेमा मी गंगाधरवर उभा करणार." लेखक क्षणभर गप्प राहिले असतील, असा आमचा अंदाज आहे. त्याहून जास्त काळ राहिले नाहीत. करार झाला. सिनेमा यायच्या सुमारास एका मुलाखतीत ते म्हणाले की गंगाधर हे पात्र त्यांना पहिल्यापासून खुणावत होतं, कागदावर ते संयमाने अव्यक्त ठेवलं होतं.

मी ही मुलाखत साहेबांना फोनवर वाचून दाखवली. मला वाटलं, भडकतील. ते म्हणाले, "जाऊ द्या. त्यांनी त्याला आपला म्हनला ना? मंग झालं."

समीरने चिंचवडच्या मल्टिप्लेक्सची दुपारची तिकिटं काढली, साहेबांना आणि काकूंना धरून. साहेब सफारी आणि चकचकीत बुटांत आले. दारावरचा वॉचमन चाळिशीचा, शर्टाची कॉलर विरलेली, हातात ती पिपाणीसारखी वाजणारी तपासणीची दांडी. साहेबांनी रांगेत नंबर आल्यावर काकूंची पिशवी आपण होऊन उघडली. त्याने न बघताच पुढे जा अशी खूण केली.

"बगा की आत. उघडून दावतोय तर बगा."

त्याने बिचाऱ्याने बघितलं. आत चिवड्याचा पुडा होता. बाहेरचं खाणं न्यायला बंदी, त्यामुळे तो जप्त करणं भाग पडलं. काकू इंटरव्हलपर्यंत साहेबांशी बोलल्या नाहीत, आणि झोपल्याही नाहीत.

सिनेमा सुरू झाला. चाकणचा रस्ता, कंपन्यांचे बोर्ड, एक गेट. आत जाणारा अधिकारी गाडीची काच खाली करतो आणि हाक मारतो, "काय गंगाधर, आज पण डबल ड्यूटी?" एवढ्या मोठ्या थिएटरात, चारी बाजूंच्या स्पीकरमधून ते नाव आलं.

मी शेजारी बघितलं. साहेबांनी लोकल आल्यासारखा हात अर्धवट वर केला होता. मग तो हळूच खाली घेतला आणि अगदी हळू, नेहमीच्या सवयीने ते म्हणाले, "हे पुस्तकात न्हाई." मला रडूच आलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत साहेब एक शब्द बोलले नाहीत, शेवट तर पुस्तकापासून मैलभर लांब गेला होता तरी.

बाहेर आल्यावर समीरने मनातलं सांगितलं. लेखकांची नवी कादंबरी येते आहे. सिनेमाच्या निर्मात्यालाही तोच आवाज हवा आहे, आणि लेखक स्वतः म्हणालेत की साहेबांनीच वाचावं. "सोमवारपासून या. खुर्ची तशीच आहे. फक्त साहेब, या वेळी शब्दाला शब्द. प्लीज." साहेबांनी ऐकून घेतलं आणि हो की नाही ते न सांगता चिवडा परत घ्यायला दाराकडे गेले. आम्ही मागोमाग गेलो.

वॉचमन तोच होता. पुढच्या खेळाची रांग लागायला लागली होती. त्याने टेबलाखालून पुडा काढून दिला. साहेब तिथेच उभे राहिले.

"तुमी बगितला का पिच्चर?"

"नाही साहेब. आम्हाला कुठं आत जायला मिळतंय."

"मी शेवट कुनाला सांगत न्हाई," साहेब म्हणाले. "आजपातूर कुनाला सांगितला न्हाई. तुमाला सांगतो. वॉचमन मरत न्हाई."

त्या माणसाने साहेबांकडे पाहिलं, मग आमच्याकडे. डोकं ठिकाणावर आहे ना, असा त्याचा चेहरा होता. पण सफारी बघून तो अदबीने म्हणाला, "बरं झालं की मग." आणि जरा थांबून त्याने विचारलं, "त्याचा रिलिव्हर आला का पण?"

सिनेमात ते कुठे दाखवलंच नव्हतं.

"तुमचा आला का?" त्यांनी विचारलं.

"नाही ना साहेब. दोनला यायला पाहिजे होता. फोन केला तर माणूस बघतो म्हणालेत. सकाळपासून डबा पण उघडला नाही."

साहेबांनी चिवड्याचा पुडा माझ्या हातात दिला आणि त्याच्या हातातली दांडी काढून घेतली.

"जा. डबा खाऊन या."

"अहो साहेब, सुपरवायझर बघेल."

"सुपरवायझरशी मी बोलतो. जलमभर त्योच व्हतो. जा तुमी. रिलिव्हर आलाय."

तो चार पावलं गेला, वळून बघितलं, आणि मग डबा काखेत मारून जिन्याखाली दिसेनासा झाला. साहेब त्याच्या जागेवर उभे राहिले. पाठ ताठ, बूट जुळवलेले. काकू शेजारच्या कठड्यावर टेकल्या आणि त्यांनी माझ्याकडून चिवडा मागून घेतला. त्यांना हे किती वेळ चालणार याचा अंदाज असावा.

समीर कासावीस झाला होता. "साहेब, सोमवारचं काय सांगू लेखकांना?"

"येतो म्हनावं. शब्दाला शब्द वाचतो." साहेब रांगेवरची नजर न काढता म्हणाले. "पर त्यांना आदी इचारून ठिवा. गेटवं कोन हाय, आन् त्याचं नाव काय."

मग त्यांनी रांगेतल्या पहिल्या माणसाकडे वळून हात पुढे केला.

"चला, या. पिशवी उघडा."